रिव्हर्स गिअर करकरू लागला तेव्हा: माझा अनुभव

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कास पठारावरून बामणोलीकडे उतरणाऱ्या रस्त्याने मी गेली नऊ वर्षे जवळजवळ दर आठवड्याला जाते, कारण कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला आमची भाताची आणि नाचणीची थोडी जमीन आहे. डांबरी रस्ता संपल्यावर शेतापर्यंत दोन किलोमीटर मातीची वाट आहे आणि तिला एक ओढा आडवा येतो. पावसाळ्यात त्या ओढ्यातून आणि पुढच्या चिखलातून जायचे तर साधी गाडी उपयोगाची नाही, म्हणून मी २०११ सालची, डिझेलवर चालणारी, पाच गिअरची फोर बाय फोर गाडी सेकंडहँड घेतली. ही गाडी मी स्वतः चालवते आणि तिची जमेल तेवढी देखभालही स्वतःच करते.

गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत सकाळी गाडी अंगणातून बाहेर काढताना रिव्हर्स गिअर करकरू लागला. पावसाळी गारठ्याने गिअर ऑइल घट्ट झाले असेल, अशी समजूत करून घेऊन मी पंधरा दिवस तशीच गाडी चालवली. एका दुपारी शेतावरून निघाले, ओढा ओलांडला आणि चढाच्या पायथ्याशी समोरून गुरे आली म्हणून थांबले. त्यानंतर पहिला गिअर पडेचना. क्लच पूर्ण दाबूनही दांडा आत जात नव्हता आणि जोर लावला की दाते घासल्याचा आवाज हाताला जाणवत होता. इंजिन बंद केले तर तोच गिअर सहज पडला. पुन्हा न्यूट्रल करून इंजिन चालू केले की मात्र एकही गिअर पडत नसे.

पाऊस वाढत होता आणि ओढ्याचे पाणीही चढत होते, त्यामुळे तेथे थांबणे शक्य नव्हते. मी इंजिन बंद ठेवून ट्रान्स्फर केसचा, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा, छोटा दांडा फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सर्वांत संथ स्थितीत, घेतला, पहिला गिअर टाकला आणि क्लचला पाय न लावता स्टार्टर मारला. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरचा वेग इतका कमी असतो की स्टार्टर मोटरच गाडीला हलके पुढे ढकलते, आणि इंजिन धरले की गाडी माणसाच्या चालीने चढू लागते. ज्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, त्यांत हा उपाय चालत नाही; माझ्या गाडीत तशी सोय नसल्यामुळे आम्ही चढ पार करून डांबरापर्यंत आलो.

डांबरावर दुसरी अडचण उभी राहिली. ट्रान्स्फरचा दांडा फोर लोमधून निघेना. अशा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला ताकद देणारे शाफ्ट फोर बाय फोरमध्ये एकमेकांशी घट्ट जोडलेले असतात, आणि वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक किंचित घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या किंवा नुसत्या ओल्या डांबरावर चाक घसरत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये, दात्यांवर साठून राहतो. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की तो पीळ सुटतो. मला रिव्हर्स टाकता येत नव्हता, म्हणून इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रलला ठेवून, लावणीला आलेल्या तिघांनी गाडी हाताने दोन मीटर मागे ढकलली आणि दांडा टक्क आवाज करून टू हायमध्ये, म्हणजे दोनच चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या स्थितीत, आला. तेथून साताऱ्यापर्यंत मी स्टार्टरवर गाडी सुरू करत आणि इंजिनाचा वेग जुळवून क्लचशिवाय गिअर बदलत आले. तो प्रवास मी पुन्हा कधीही हौसेने करणार नाही.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. रिव्हर्सचा आवाज ऐकताच तेथे सांगण्यात आले की गिअरबॉक्स गेला आहे, सिंक्रो रिंगा (गिअर पडताना दात्यांचा वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) आणि पूर्ण क्लच सेट बदलावा लागेल आणि खर्च ३२ हजारांच्या आसपास येईल. मला ते पटले नाही, कारण गिअरबॉक्समध्येच दोष असता तर इंजिन बंद असताना सगळे गिअर इतके अलगद पडले नसते. शिवाय सिंक्रो रिंग झिजली की बहुधा एखादाच गिअर, आणि तोही गाडी चालू असताना बदलताना, कुरकुरतो. माझ्या गाडीत उभ्या जागी सगळेच गिअर अडत होते. म्हणजे क्लच दाबूनही इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनाकडून फिरकी घेणाऱ्या दांड्यापर्यंत, पोहोचतच होती. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर क्लच सुटत नव्हता.

याची खात्री करण्याची साधी रीत आमच्या ओळखीच्या एका वयस्कर मेस्त्रींनी मला पूर्वीच शिकवली होती. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन हळू चालू ठेवायचे, क्लच पूर्ण दाबायचा, मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे इनपुट शाफ्ट जराही फिरत असेल तर तो गिअर करकरतो. दहा आकडे मोजल्यावर आवाज थांबत असेल तर शाफ्ट केवळ आधीच्या वेगाने फिरत होता एवढाच अर्थ. दहानंतरही आवाज येत असेल तर क्लच ओढतो आहे. माझ्या गाडीत दहानंतरही आवाज आला. मग पेडल भराभर चार वेळा दाबून लगेच प्रयत्न केला, तेव्हा आवाज बराच कमी झाला. पंप केल्यावर फरक पडतो याचा अर्थ दोष निदान काही अंशी हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे पेडलपासून क्लचच्या फोर्कपर्यंत (क्लच सोडवणाऱ्या दुबेळक्यापर्यंत) दाब पोहोचवणाऱ्या ऑइलच्या मार्गात आहे.

मी क्लचच्या ऑइलच्या डबीचे झाकण उघडले तर ऑइल खुणेपेक्षा एक बोट खाली गेले होते आणि रंगाने काढ्यासारखे झाले होते. पेडलच्या मागची भिंत कोरडी होती, म्हणून पेडलला जोडलेला वरचा मास्टर सिलिंडर बरा असावा असे वाटले. गाडीखाली जाऊन, फोर्कला ढकलणाऱ्या खालच्या सिलिंडरचे रबरी टोपण मागे ओढले, तेव्हा काळे ऑइल बोटांवर आले. भाच्याला पेडल दाबायला सांगून मी पुशरॉडची, म्हणजे फोर्क ढकलणाऱ्या दांडीची, सरक पट्टीने मोजली, तर ती जेमतेम नऊ मिलिमीटर भरली. एवढ्या सरकेने क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट पुरती उचलली जाणे शक्यच नव्हते.

त्यानंतर मी मेस्त्रींकडे गेले. त्यांनी खालचा सिलिंडर खोलून नळी उजेडाकडे धरली आणि मला आत पाहायला लावले. आतल्या गुळगुळीत भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते. "ताई, यात नुसते रबर किट टाकले तर महिनाभर चालेल, मग पुन्हा गळेल," असे ते म्हणाले, आणि आम्ही सिलिंडर पूर्ण बदलला. क्लचच्या या मार्गातही ब्रेक ऑइलच असते; ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि तोच ओलावा सिलिंडरला आतून खातो. आमच्यासारख्या अतिपावसाच्या भागात ते दर दोन वर्षांनी बदलायला हवे होते आणि मी पाच वर्षे बदलले नव्हते. नवे ऑइल भरताना डबीवर लिहिलेलेच, माझ्या गाडीत डॉट ३, वापरले. या मार्गात इंजिन ऑइलचा किंवा इतर कोणत्याही खनिज तेलाचा थेंबही पडू देऊ नये, कारण त्याने रबरी सील फुगून निकामी होतात.

ऑइलच्या मार्गातली एअर, म्हणजे हवा, काढायला आम्हांला तासभर लागला. खालच्या सिलिंडरवरच्या ब्लीडरच्या, म्हणजे हवा सोडण्याच्या स्क्रूच्या, तोंडाला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवले. भाचा पेडल दाबून धरी, मी ब्लीडर पाव फेरा सैल करी, बुडबुडे निघत, ब्लीडर घट्ट केल्यावरच त्याने पाय उचलायचा, आणि वरच्या डबीतले ऑइल तळाला जाऊ द्यायचे नाही, असा क्रम होता. काही केल्या शेवटचे बारीक बुडबुडे थांबेनात, तेव्हा मेस्त्रींनी सिलिंडर बोल्टमधून सोडवून ब्लीडर वरच्या बाजूला येईल असा धरला आणि पिस्टन हाताने पूर्ण आत दाबून ठेवला. त्या कोपऱ्यात अडकलेली हवा एकाच मोठ्या बुडबुड्यात बाहेर आली. त्यानंतर पेडल कडक झाले आणि पुशरॉडची सरक पंधरा मिलिमीटर भरली.

येथे काम संपेल असे मला वाटले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र रिव्हर्स पुन्हा करकरला. आधीपेक्षा आवाज कमी होता, पण दहा आकडे मोजूनही तो गेला नाही आणि या वेळी पेडल पंप करून काहीच फरक पडत नव्हता. फोर्क पुरता सरकत असूनही शाफ्ट फिरत होता, म्हणजे दोष आता क्लचच्या घरातच शोधायचा होता.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी मेस्त्रींनी आवाजांवरून परीक्षा केली, आणि या संपूर्ण कामात मला सर्वांत मोलाचे वाटलेले ज्ञान हेच आहे. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि दाबल्यावर ती थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगवर घ्यावा. पेडल दाबताच आवाज सुरू होतो, तर फोर्क प्रेशर प्लेटवर टेकवतो ते रिलीज बेअरिंग पाहावे. गिअर टाकलेला, पेडल दाबलेले आणि गाडी उभी, एवढ्याच स्थितीत बारीक किंचाळी येत असेल, तर पायलट बेअरिंग. हे छोटे बेअरिंग क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकात बसते आणि इनपुट शाफ्टचे पुढचे टोक त्यात टेकलेले असते. क्लच सुटल्यावर क्रँक फिरत राहावा आणि शाफ्ट थांबावा हे त्याच्यामुळे शक्य होते. ते जाम झाले तर प्लेट मोकळी होऊनही शाफ्ट क्रँकबरोबर फिरत राहतो. आम्ही चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, गाडीपुढून सगळ्यांना बाजूला केले आणि क्लच दाबून पहिल्या गिअरमध्येच इंजिन सुरू केले. गाडी दावणीला बांधलेल्या बैलासारखी पुढे ओढ घेऊ लागली आणि खालून कर्कश बारीक आवाज आला. मेस्त्रींनी लगेच इंजिन बंद करायला सांगितले.

गिअरबॉक्स खाली आला तेव्हा बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचच्या बाहेरच्या कवचात, ओंजळभर वाळलेला लाल गाळ होता. क्लच प्लेट इनपुट शाफ्टच्या ज्या खाचांवर मागेपुढे सरकायला हवी, त्या खाचा गंजल्या होत्या आणि प्लेट हाताने ओढूनही सरकत नव्हती. शाफ्टचे टोक उष्णतेने निळसर झाले होते. पायलट बेअरिंग कोरडे पडून बोटाने फिरेनासे झाले होते. म्हणजे तीन दोष एकावर एक बसले होते: सिलिंडरचा, खाचांचा आणि बेअरिंगचा, आणि पहिला दूर केल्याशिवाय उरलेले दोन ओळखू आले नसते.

ते बेअरिंग काढायला पुलर नव्हता. मेस्त्रींनी त्याच्या भोकात ग्रीस गच्च भरले, भोकात नेमका बसणारा लोखंडी दांडा ग्रीसवर टेकवला आणि हातोडीने ठोकला. ग्रीसला जायला दुसरी जागा नसल्यामुळे ते बेअरिंगच्या मागे दाबले गेले आणि दर ठोक्याला बेअरिंग केसभर बाहेर येत राहिले. मध्ये दोनदा ग्रीस पुन्हा भरावे लागले. सात-आठ मिनिटांत ते तळहातावर पडले.

क्लच प्लेटवर अजून जाडी शिल्लक होती, तरी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदा दिलीच होती, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही नवे घातले. फ्लायव्हीलला, म्हणजे क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या चाकाला, लेथवर हलके फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घेतले. खाचा तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पुसट हात फिरवला आणि जास्तीचे पुसून काढले, कारण ते उडून प्लेटवर गेले तर नवा क्लच घसरू लागतो. गिअर ऑइल काढले तेव्हा त्यात दुधाळपणा नव्हता आणि प्लगच्या लोहचुंबकावर केवळ मऊ करडी भुकटी होती, धातूचा तुकडा नव्हता. ज्या गिअरबॉक्सच्या दुरुस्तीसाठी ३२ हजार सांगितले गेले होते, तो आतून निरोगी होता. ऑइल पुस्तिकेत सांगितलेले जीएल-४ दर्जाचेच भरले; जीएल-५ मधली काही द्रव्ये पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात, त्यामुळे वरचा आकडा म्हणजे चांगले ऑइल असे येथे धरता येत नाही. सुटे भाग, लेथ आणि मजुरी धरून एकंदर १४ हजार ८०० रुपये लागले.

पाणी आत आले कसे, याचा शोध घेतल्याशिवाय मला गाडी घरी न्यायची नव्हती. फोर्क जेथून बेलहाउसिंगमध्ये शिरतो तेथला रबरी बूट एका बाजूने फाटला होता. ओढ्यात गाडी गेली की तेथून गढूळ पाणी आत जात असणार. आत गेलेले पाणी निघून जावे यासाठी बेलहाउसिंगच्या तळाला एक छोटे भोक असते, आणि तेही गाळाने पूर्ण बुजले होते. पाणी दिवसेंदिवस तेथेच साचून राहिले आणि खाचा व बेअरिंग त्यात गंजत गेले. तो बूट ९० रुपयांना मिळाला.

गणपतीच्या आधी मी पुन्हा शेतावर गेले. ओढ्याला गुडघ्याच्या खाली पाणी होते. पलीकडे जाऊन, जेथे गुरे आडवी आली होती त्याच जागी गाडी थांबवली, क्लच दाबून तीन आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला. तो आवाज न करता पडला. मग पुढे-मागे चार वेळा गाडी हलवून पाहिली. जाड तारेचा एक तुकडा आता जॅकच्या पिशवीत कायम असतो, आणि ओढा ओलांडून आल्यावर घरी अंगणात गाडीखाली वाकून मी ते भोक मोकळे करते. त्या पावसाळ्यात दोनदा त्यातून पाणी आले.