दोनशे न्यूटन मीटरवर थांबले

माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, म्हणजे टर्बोवाली छोटी पेट्रोल गाडी, २०१६ ची. चाकणमध्ये बनलेली, आणि मी भोसरीच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या (धातू तापवून-थंड करून कणखर करण्याच्या) कामाला, म्हणजे आम्ही दोघी शेजारणीच. कर्वेनगर ते भोसरी रोजचं जाणं-येणं, महिन्यातून दोनदा साताऱ्याला आईकडे. हीच माझी स्पोर्ट्स कार आणि हीच भाजी आणायची गाडी. ती एक दिवस जरी गॅरेजला राहिली तरी माझं वेळापत्रक कोलमडतं. इंजिनची ताकद वाढवायची ठरवली तेव्हा पहिली अट हीच होती.

रिमॅप म्हणजे इंजिनच्या संगणकातली आज्ञावली, म्हणजे फाइल, बदलणं. त्यासाठी मला आलेली कोटेशनं साधारण सारखीच होती : शक्ती १०५ पीएसची (जवळपास अश्वशक्तीच) १४०, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७५ न्यूटन मीटरचा २३० ते २४०. या गाडीचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कोरड्या (तेलात न बुडालेल्या) क्लचचा आहे आणि त्याची क्षमता २५० न्यूटन मीटरची सांगितली जाते. "बसतंय की मॅडम," असं मला दोघांनी सांगितलं. बसतं, कागदावर. पण माझा रोजचा धंदा धातूच्या थकव्याचा आहे. एकदा सोसलेला भार आणि लाखो वेळा सोसायचा भार यांत किती अंतर असतं, ते मी तुटलेल्या तुकड्यांच्या कापलेल्या पृष्ठभागावर बघत आले आहे. त्यात नाशिक फाट्याच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना, कोरडा क्लच आधीच तापलेला असतो.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. कंपनीचे आकडे सांगतात की १७५ न्यूटन मीटर १,५०० ते ४,१०० आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो आणि १०५ पीएस ५,००० ला. पीएसमधली शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले साधारण ७,०२४. उलटं गणित केलं तर ५,००० ला टॉर्क निघतो जेमतेम १४७. म्हणजे ४,१०० नंतर इंजिन हात आखडता घेतं. तोच १७५ नुसता ५,००० पर्यंत टिकवला असता तरी १२४ पीएस झाले असते, आणि गिअरबॉक्सवर मूळच्यापेक्षा एक न्यूटन मीटरही जास्त भार आला नसता! हे गणित सुटलं त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

त्यामुळे माझी मागणी वेगळी झाली. टॉर्क जास्तीत जास्त २००, तोही २,२०० आरपीएमच्या पुढे, हळूहळू चढत जाणारा. त्याच्या खाली मूळची फाइल जशीच्या तशी. कमी आरपीएमला भरपूर बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जास्तीचा दाब) मागितला की स्पार्क पडण्याआधीच मिश्रण पेटण्याची जोखीम वाढते, आणि छोट्या टर्बो इंजिनाच्या पिस्टनला तो घाव फार वाईट. रिंगांच्या मधली कडाच तुटते. शिवाय पिस्टन ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे त्या मिश्रधातूची ताकद झपाट्याने उतरते. इंजिन फुटतं ते आकड्यापेक्षा उष्णतेने, असं माझं ठाम मत आहे.

फाइल टाकण्याआधी सहा महिने नुसती तयारी चालली. नवे स्पार्क प्लग आणि एक कमजोर झालेली इग्निशन कॉइल. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन असल्याने इनटेक वॉल्व्ह, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपा, कधी पेट्रोलने धुतले जात नाहीत. त्यांच्यावर काजळीचा थर बसतो. तो आमच्या मेकॅनिक काकांनी दोन दिवस बसून काढला. नंतर गाडी इतकी मऊ चालायला लागली की काका म्हणाले, "ताई, आता ट्यूनिंग कशाला?" प्रश्न रास्त होता. पुढचे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि चारही टायर मात्र त्यानंतर लगेच बदलले, कारण या गाडीला मागे ड्रम ब्रेकच आहेत.

पहिली फाइल मी काढून टाकायला लावली. डिसेंबरच्या सकाळी, गार हवेत, गाडी तिच्यावर सुरेख पळाली होती. पण मी लॅपटॉप लावून एप्रिलच्या दुपारी लॉग, म्हणजे इंजिनच्या नोंदी, घेतले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, सहा अंशांपर्यंत मागे खेचलं जात होतं. नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके, ऐकू येत नव्हतं. इंजिन ते निमूटपणे सावरत होतं. ज्यांनी ती बनवली ते म्हणाले, नॉकिंग ओळखणारा सेन्सर आहे ना, तो बघून घेईल. मला हे पटत नाही. सेन्सर चुकीसाठी असतो, रोजच्या वापरासाठी नाही.

दुसऱ्या ट्यूनरने ऐकून घेतलं. बूस्ट कमी केला, टायमिंगला वाव ठेवला, आणि हवा तापली की बूस्टची मागणी आपोआप उतरेल अशी सोय केली. मी ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरते, पण फाइल त्याहून कमी ऑक्टेनच्या, म्हणजे नॉकिंग कमी सोसणाऱ्या, पेट्रोलवरही निभावेल अशी करून घेतली. आडबाजूच्या पंपावर जे मिळेल तेच भरावं लागतं.

अजून एक गोष्ट आमच्याकडच्या रस्त्यांची. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर सुमारे १,३५० वर. वर हवा विरळ, त्यामुळे तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. म्हणून पसरणीचा घाट चढवून आम्ही वरही लॉग घेतला, आणि तिथल्यासाठी बूस्टची मागणी आणखी थोडी उतरवली.

विमा कंपनीला लेखी कळवलं आणि उत्तर येईपर्यंत फाइल टाकली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे, ते स्वतः वाचून घ्या. गॅरेजमधल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चाकांशी मिळालेल्या आकड्यावरून इंजिनाचा अंदाज १२० पीएसच्या आसपास येतो. सिग्नलवर सुटताना काहीच फरक जाणवत नाही. फरक आहे खंबाटकीच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकला ओलांडताना : पूर्वी चार हजारांनंतर गाडी दम सोडायची, आता ती काटा पाच हजारांवर जाईपर्यंत ओढत राहते. गेल्या रविवारी आई शेजारी बसली होती. भर उन्हात, एसी चालू. घरी पोचल्यावर लॉग उघडला. चारही सिलिंडर, टायमिंग मागे खेचलं गेलं ते एका अंशाच्या आत.