गुड फ्रायडेला मोडलेला उपास

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पाळक आहे. गुड फ्रायडेला आमची उपासना बारा ते तीन चालते. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, मधे गीतं आणि प्रार्थना. त्या दिवशी बहुतेक मंडळी उपाशी असतात. काही म्हातारी माणसं तर पाणीही घेत नाहीत.

गेल्या वर्षी चौथा उद्गार संपत आला असताना सेक्रेटरींनी चिठ्ठी पुढे केली. आमच्यातल्याच एका नर्सचा फोन आला होता. ऊसतोडीच्या टोळीतली बीडकडची बाई बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. दिवस भरत आले तरी ती मोळ्या वाहत होती, अंगात रक्त आधीच कमी. उन्हाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत शिबिरं होत नाहीत, त्यामुळे रक्तपेढीत तिच्या गटाच्या मोजक्याच पिशव्या होत्या. नव्याने दिलेलं रक्त लगेच चढवता येत नाही; एचआयव्ही, कावीळ, मलेरियाच्या तपासण्यांत वेळ जातो. म्हणून पेढी हातचा साठा बाईसाठी मोकळा करणार होती, पण मागे काहीच उरणार नव्हतं. रात्री आणखी कुणी आलं तर? दाते ताबडतोब हवे होते.

मी चिठ्ठी वाचून दाखवली. मागच्या बाकांवरची पोरं उठलीसुद्धा. तेवढ्यात नर्सबाईंचा पुन्हा फोन: उपाशीपोटी कुणाचंही रक्त घेणार नाहीत, खाऊन या.

आमच्या मंडळीचे सर्वांत ज्येष्ठ वडील, म्हणजे कारभार पाहणारे एल्डर, उभे राहिले. "पाळक साहेब, उद्गार पुरे होऊ द्या. तीनला उपास सोडतील, मग जातील." आवाजात राग नव्हता. लहानपणापासून त्यांनी हा उपास एकदाही चुकवलेला नाही, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण तीन वाजायला अजून बराच वेळ होता. मी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय उघडून वाचला. देवाला कोणता उपास आवडतो, ते तिथे स्वच्छ लिहिलं आहे: अन्यायाची बंधनं सोडवणं, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं. शिवाय १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनने अन्न आणि काम दिलं, तेव्हा जगलेल्या माणसांची पणतवंडं आमच्या बाकांवर बसतात. "जेवून जा," मी पोरांना म्हणालो, "आत्ताच."

स्त्रीमंडळातल्या एका आजींनी समोरच्या घरातून भाकरी आणि बेसन आणलं. चर्चच्या पडवीत पोरं भराभर जेवली आणि मोटारसायकलींवरून गेली. मी थांबलो, उपासना सोडून जाणं मला योग्य वाटलं नाही. पाचवा उद्गार तहानेचा. त्यावर बोलणाराच रक्त द्यायला गेला होता, म्हणून मी नुसतं वचन वाचलं आणि नावही माहीत नसलेल्या त्या बाईसाठी आम्ही प्रार्थना केली.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. रक्तस्राव थांबला होता, बाळ नीट होतं. नवरा बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, आता तुमच्या देवाचं आमाला काय करावं लागंल?"

त्या प्रश्नाने मी हललो. कुणी काही दिलं की मागे हिशेब असतो, हे आगाऊ मजुरीची उचल घेऊन जगणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. मी सुवार्ता सांगतो, उघडपणे सांगतो. ख्रिस्त सर्वांना कळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण रक्ताच्या पिशवीच्या बदल्यात विश्वास मागणं हे पाप आहे. नगरला बरीच वर्षं राहिलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठीही. मंडळीचं काम मला तिथे दिसतं.

"काही करायचं नाही," मी म्हणालो. "लोहाच्या गोळ्या वेळेवर द्या, आणि तिला इतक्यात मोळी उचलू देऊ नका."

तो "बरं" म्हणाला, पण डोक्यावरची उचल फिटली नसताना तिला घरी कसं ठेवणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. स्त्रीमंडळाने गावाकडे निघेपर्यंत त्यांच्या खोपीवर दूध आणि शिधा पोचवला. तेवढंच जमलं.

ज्येष्ठ वडील अजूनही म्हणतात, उपास मोडायला नको होता. मला ते पटत नाही. पण आमच्याकडे आता रक्तगटांची वही आहे: नाव, गट, मागचं रक्तदान कधी. पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिने थांबावं लागतं, म्हणून तारीख हवीच. एक प्रत नर्सबाईंकडे असते. आणि गुड फ्रायडेला दर गटातल्या दोघांनी जेवून यायचं, असा ठराव सेशनमध्ये, म्हणजे मंडळीच्या वडिलांच्या सभेत, झाला आहे.