उजवा वरचा कोपरा

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मार्चमध्येही पहाटे साडेचारला असा वारा असतो की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसेल ते छानच म्हणायचं आणि गाडीत बसायचं. घरी फाइल शंभर टक्क्यांवर उघडली आणि मग खरं काय ते कळलं. पवनचक्क्यांच्या रांगेवर आकाशगंगा, एफ/२.८ (लेन्सचं छिद्र; आकडा जितका लहान तितकं ते मोठं), २० सेकंद. डावीकडचे तारे किंचित लांबट, पण नीटस. उजवीकडचे पसरलेले, आणि वरच्या कोपऱ्यातल्यांना तर चक्क पंख फुटलेले.

लेन्स १४ मिमी, एफ/२.८, मॅन्युअल फोकस, फुल फ्रेमची. सांगलीच्या एका छांदिष्टाकडून जुनी घेतलेली. "आठ दिवस वापरा, नाही पटली तर परत आणा," एवढा तोंडी करार. त्यातले तीन दिवस संपले होते.

लगेच फोन फिरवायचा मोह झाला, पण आधी आपली चूक शोधायची सवय लावून घेतलीय. वाऱ्याने ट्रायपॉड हलला असता तर सगळी फ्रेम सारखीच हलली असती. पृथ्वीच्या फिरण्याने तारे सरकतात, तेही तपासलं. माझी फ्रेम आग्नेयेकडे होती, म्हणजे डाव्या कडेला पूर्व आणि उजव्या कडेला दक्षिण. खगोलीय विषुववृत्ताजवळचे तारे २० सेकंदांत सर्वांत जास्त सरकतात, दक्षिणेकडचे कमी. म्हणजे बिघडायचेच तर डावीकडचे बिघडायला हवेत. इथे गणित उलटं. शंका बळावली ती इथे.

एक चूक मात्र माझ्याकडून आधीच्या रात्री झाली होती, ती सांगून टाकतो. हायपरफोकलचं (जिथे फोकस लावला की पार अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं त्या अंतराचं) जुनं कोष्टक १४ मिमीला एफ/२.८ वर २.३ मीटर सांगतं. मी इमानदारीत तिथे फोकस लावला आणि सगळं आकाश पिठूळ आलं. ते कोष्टक सेन्सरवर ठिपका ०.०३ मिमीपर्यंत धूसर झाला तरी चालेल असं धरून बेतलेलं आहे, छापील फोटो हातभर अंतरावरून बघणाऱ्यांसाठी. माझ्या २४ मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल ०.००६ मिमीचा. तो हिशेब धरला तर आकडा जवळजवळ १२ मीटरवर जातो. तेव्हा फ्रेम सगळीकडून सारखीच मऊ असेल तर लेन्सला शिव्या देण्याआधी फोकस बघा. रिंगवरच्या अनंताच्या खुणेवरही भरवसा नको. या लेन्सवर ती खूण थोडी पुढे सरकलेलीच होती.

वाइड लेन्सचे कोपरे मध्यापेक्षा मऊ असणारच, तो दोष नव्हे. बघायचं ते एवढंच, की चारही कोपरे सारखे मऊ आहेत का.

विटांच्या भिंतीचा प्रयोग मी एकदा करून सोडून दिला. १४ मिमीने दीड मीटरवरून जवळजवळ चार मीटर भिंत फ्रेममध्ये येते. त्यात कॅमेरा पाच अंश तिरका राहिला तर दोन कडांच्या अंतरात ३०-३५ सेंमीचा फरक पडतो, आणि दोष लेन्सचा की माझ्या डोळ्याचा हे कळत नाही. भिंतीला आरसा चिकटवून त्यात लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या मधोमध आणलं की कॅमेरा सरळ लागतो. पण एकच वस्तू चारही कोपऱ्यांत नेऊन ठेवली तर हा सगळा खटाटोपच टळतो.

त्यासाठी गच्चीवरून आधी अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर निवडला. मूर्खपणा! एवढ्या वाइड लेन्सने किलोमीटरभरावरचे ४० सेंमी एका पिक्सेलमध्ये मावतात. लोखंडी जाळीदार टॉवरचा नुसता दोरा झाला. मग पलीकडच्या गल्लीतल्या इमारतीवरचा मोबाइल टॉवर धरला, अंतर ८० मीटरच्या आसपास. तिथे एक पिक्सेल म्हणजे साडेतीन सेंमी. कैच्या (जाळीचे तिरपे पट्टे), वायरी, अँटेना, बघायला भरपूर.

सकाळी सातला, ऊन तापून हवा थरथरायच्या आत गेलो. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, टॉवर मध्यभागी ठेवून लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा केला, फोकस लावला आणि रिंगवर निळी चिकटपट्टी मारली. मग ट्रायपॉडचं डोकं फिरवून तोच टॉवर चारही कोपऱ्यांत. प्रत्येकी तीन फोटो. शेजारच्या काकू वाळवणाचं बघायला वर आल्या आणि म्हणाल्या, "टॉवरची तक्रार करतोयस होय? बरं झालं, सहीला माझं नाव घाल."

निकाल: डावे दोन्ही कोपरे जुळे. उजवा खालचा थोडा मऊ. उजवा वरचा पार गेलेला, वायरी सोडा, कैच्याही एकमेकींत मिसळलेल्या. एफ/५.६ ला बराच सावरला, एफ/८ ला तर दोष शोधावा लागेल इतका.

मग पट्टी काढून टॉवर त्याच कोपऱ्यात ठेवला आणि तिथेच फोकस लावला. कैच्या लख्ख! पण आता टॉवर मधोमध आणला की मध्य मऊ. म्हणजे फोकसचं प्रतलच तिरकं झालंय, आतली एखादी काच कललेली असावी. फोकस कितीही फिरवून कोपरा सुधारलाच नसता, तर काच बाजूला सरकल्याचा संशय घेतला असता.

एक आरोपी उरला होता, माझाच कॅमेरा. माउंट (लेन्स अडकते ती कडी) किंवा सेन्सर वाकडा असला तरी हेच दिसतं. सेन्सरच्या बाजूची फोकसची खोली फक्त एफ आकड्यावर ठरते (आकडा लहान तितकी कमी), फोकल लांबीवर नाही, म्हणून माझी ५० मिमी एफ/१.८ पूर्ण उघडून लावली. ती १४ मिमीपेक्षा कडक परीक्षा घेते. चारही कोपरे सारखे. कॅमेरा सुटला.

सहाव्या दिवशी फोन केला. पलीकडून आधी शांतता, मग, "दादा, मी कधी एफ/८ च्या खाली आलोच नाय ओ. नुसती देवळं आणि घाट काढले." खोटं बोलत नव्हता, तसे फोटो काढणाऱ्याला ही लेन्स जन्मभर निर्दोष वाटेल. त्याला स्वतःच्या कॅमेऱ्यावर बघायचं होतं, म्हणून रविवारी दोघं अर्ध्या वाटेवर कराडला भेटलो, प्रीतिसंगमावर. टॉवर तिथूनही सापडतोच. त्याच्या बॉडीवर तोच कोपरा, तीच पिठूळ जाळी. चहा त्याने पाजला, पैसे तिथेच मोबाइलवर परत केले, आणि एफ/८ वाल्या कुणाला तरी खरं सांगून स्वस्तात देईन म्हणाला.

पुढच्या अमावास्येला लेन्स नाही, ५० मिमीने तुकडे जोडून पॅनोरमा करून बघेन. काकूंनी काल जिन्यात गाठून विचारलं, "टॉवरचं काय झालं रे पुढे?"