तंबाखूचा रकाना शून्य होता

आमच्या उपकेंद्राखाली सातारा जिल्ह्यातलं एक गाव आणि तीन वाड्या येतात. सीएचओ, म्हणजे उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म पूर्ण करायचं काम समोर होतं. बीपी, शुगरसारख्या आजारांचा धोका कुणाला जास्त, हे गुणांवरून ठरवणारी ही प्रश्नावली. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, चालणं-फिरणं, घरात कुणाला बीपी, शुगर, हार्टचा त्रास. प्रत्येक उत्तराला गुण, आणि बेरीज 4 च्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी.

फॉर्म आशाताईंनी भरले. मी रात्री बसून त्यांचे वाडीवार गठ्ठे केले, म्हणजे कुठे काय बोलायचं ते कळेल. वरच्या वाडीत बायकांचा तंबाखूचा रकाना सगळा शून्य! मी खूशच झाले.

दोन दिवसांनी त्याच वाडीत बीपी बघायला गेले, तर एका घरात चुलीवर तवा आणि घरभर जळकट वास. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजत होती.

"आक्का, तंबाखू खाता का?"

"न्हाय बाय. माणसं खात्यात."

"मग हे?"

"ही व्हय? ही मशेरी. दातासाठी."

बोटाचं टोक काळं, आणि दिवसातून चार वेळा लावणं. आक्का खोटं बोलतच नव्हत्या, आमचा प्रश्नच चुकला होता. फॉर्मवर त्यांची बेरीज 4 होती, म्हणजे रांगेत मागे. रोजच्या तंबाखूचे 2 धरले की 6. सगळी वाडी पुन्हा फिरलो, या वेळी "मशेरी लावता का" असं विचारत. आशाताई वैतागल्या, त्यांचं चुकलं नाही. जाता जाता टेपही नीट लावली. नऊवारीच्या ओच्यावरून मापलं की कंबर उगाच वाढते, आणि बाईसाठी 80 सेंटिमीटरच्या पुढे गुण सुरू होतात.

गावठाणाचं चित्र निराळंच. तिथे दुकानदार, पेन्शनर, सुटलेली पोटं, आणि डोकं दुखायचं थांबलं की बीपीची गोळी बंद. हे पुरुष दिवसा घरी सापडत नाहीत, म्हणून सकाळी सहाला दूध डेअरीवर मशीन घेऊन बसले. कॅन उचलून आलेल्याला आधी पाच मिनिटं टेकवायचं, तोंडात विडा असेल तर अर्धा तास थांबवायचं. थांबतंय कोण! निम्मे दुसऱ्या दिवशी आले.

वरून आलेल्या पोस्टरवर मात्र सिगारेट ओढणारा माणूस. वरच्या वाडीत ते लावून काय उपयोग? पोस्टर गुंडाळून ठेवलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आशाताईंनी वाण म्हणून टूथब्रश वाटले आणि तिथेच ओसरीवर मी बीपी तपासले. आक्कांनी ब्रश उलटासुलटा करून पाहिला.

"आन् पेस्ट कोण देनार?"