आयर्विनची पातळी: अॅरे परत आला, छापताना अडला

मागच्या नोंदीत अर्धवट राहिलेलं काम झालं, मंडळी! सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याच्या आठवड्याच्या पातळ्या, एका अॅरेत (एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेत) भरलेल्या, आता माझ्या जावा प्रोग्रामच्या मेथडमधून (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यातून) परत येतात. व्हॉइडच्या (म्हणजे काहीच परत न देण्याच्या) जागी डबल (दशांश आकडा) आणि रिकामे चौकटी कंस, शेवटी रिटर्न, आणि मेनमध्ये (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेथडमध्ये) झेलायला त्याच प्रकारचं व्हेरिएबल. झेललं नाही तर कंपायलर हूं की चूं करत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

डोकं खाल्लं ते छापण्यानं. पातळी फुटात दिसायची, त्याऐवजी चौकटी कंस, डी, अॅट आणि मागं अक्षर-आकड्यांची खिचडी. हा मेमरीतला पत्ता, असं बरेच जण छातीठोक सांगतात. तसं नाही. अॅरेला स्वतःची टूस्ट्रिंग (मजकूर बनवून देणारी मेथड) नसते. ऑब्जेक्ट या सगळ्यांच्या मूळ क्लासकडून आलेली चालते, आणि ती प्रकाराचं नाव नि हॅशकोड (ऑब्जेक्टसाठी काढलेला एक आकडा) लिहून मोकळी होते. डी म्हणजे डबल. इंट असता तर आय.

इथंच मिटलं असतं. पण माझा दुसरा अॅरे कॅरचा (एकेका अक्षरचिन्हाचा) आहे: ४० फुटांच्या आत 'स', ४० पासून इशारा म्हणून 'इ', ४५ पासून धोका म्हणून 'ध'. ('धो' एका कॅरमध्ये मावत नाही, ध वेगळा, ओकार वेगळा.) हा अॅरे त्याच प्रिंटएलएनला (छापणाऱ्या मेथडला) दिला, तर 'सससइइधध' असा स्वच्छ छापला! पुढं नुसतं 'खुणा' हे लेबल अधिक चिन्हानं जोडलं, की परत कंस, सी, अॅट. तोच अॅरे, एकदा सरळ, एकदा वाकडा. अख्खी संध्याकाळ यात गेली.

प्रिंटएलएनचे बरेच अवतार आहेत, त्यातला एक खास कॅर-अॅरेसाठी. डबल-अॅरेला तसा नाही, तो ऑब्जेक्टवाल्याकडं जातो. आणि अधिक चिन्ह आलं की आधी स्ट्रिंग तयार होते, तिथं कॅर-अॅरेचीही वट चालत नाही. म्हणून खुणांना स्ट्रिंगचं व्हॅल्यूऑफ, पातळ्यांना अॅरेज क्लासची टूस्ट्रिंग. वर जावा युटिलचं इम्पोर्ट. ही सोय २००४ च्या जावा ५ पासून आहे, तरी माझ्याकडच्या झेरॉक्स नोट्समध्ये फॉर लूपच. लूप वाईट नाही म्हणा, तारखेसकट एकेक ओळ हवी तर तोच लागतो.

नवख्यांनी ब्लूजेच (जावा शिकायचं सॉफ्टवेअर) वापरावं, हे माझं मत आणखी पक्कं झालं. क्लासवर किंवा ऑब्जेक्टवर राइट क्लिक करून मेथड चालवली की परत आलेला अॅरे इन्स्पेक्टरमध्ये उघडून बघता येतो. छापायचा प्रश्नच नाही.

पुढं कोयनेचा साठा शेजारी घ्यायचा, म्हणजे दोन मितींचा अॅरे आणि आतले अॅरेही उलगडून लिहिणारी डीपटूस्ट्रिंग, असं ठरवलेलं. पण हे लिहितानाच वाटतंय, फूट आणि टीएमसी एका अॅरेत कोंबायचे कशाला? 'दिवस' नावाचा क्लास करतो, त्याला स्वतःची टूस्ट्रिंग देतो. मेथड दिवसांचा अॅरे परत करील, अॅरेजवाली टूस्ट्रिंग प्रत्येक दिवसाची आपणहून बोलावते. चाचणीला २०१९ चा ऑगस्ट घेणार. तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलेलं, 'ध' आलाच पाहिजे.