26 जानेवारीचा झेंडा अन् साडेनऊची वेळ

मी संभाजीनगरची. ट्रेकचं नियोजन करायचं अन् ग्रुप घेऊन जायचं हेच माझं काम, त्यावरच घर चालतं. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत बेसिक अन् अ‍ॅडव्हान्स दोन्ही कोर्स केलेत. इतक्या वर्षांत बरेच ग्रुप नेले, पण जालन्याच्या आठ जणांचा तो एक दिवस डोक्यातून जातच नाही, म्हणून लिहायला बसले.

जालन्यातल्या एका रोलिंग मिलमधली माणसं होती ही. बाराही महिने भट्टीसमोर उभी राहणारी, बर्फ पाहिलेला तो फक्त रसवंतीवरचा. त्यांचे सुपरवायझर साधारण 46 वर्षांचे, मी त्यांना भाऊ म्हणायचे. नोव्हेंबरात ऑफिसला आले अन् पहिलंच वाक्य, "ताई, 26 जानेवारीला केदारकंठावर झेंडा लावायचाय, सुट्टी 21 ते 30, मालकानं लई मुश्किलीनं दिलीये."

तारीख अन् शिखर एकत्र बांधून आलेला माणूस मला सगळ्यात अवघड वाटतो. फिटनेस तयार करता येतो, सामान भाड्यानं मिळतं, तारखेचं काय करणार? उत्तराखंडातला केदारकंठा सोपा आहे असं सगळे म्हणतात, अन् डिसेंबर-जानेवारीत तिथं गर्दीही असते, पण शिखर 3,810 मीटरवर आहे. कळसूबाई 1,646. जालना पाचशेच्या आसपास. वर गेल्यावर एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो तो जालन्याच्या दोन तृतीयांशच असतो, अन् दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्रीनं थंडी वाढत जाते, वर वारा आहेच.

टेबलावर कागद पसरून बसलो. जालन्यातून दुपारी सचखंड एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली, रात्रीची बस, पहाटे डेहराडून, तिथून जीपनं मसुरी, पुरोला, मोरी करत संध्याकाळी पायथ्याचं गाव सांकरी (1,950 मीटर). मग जुडा का तालाब, म्हणजे मुक्कामाचं तळं, 2,770, बेस कॅम्प 3,430, अन् शिखर. त्यांच्या तारखांत हे सगळं बसत होतं, पण अगदी काठोकाठ, आणि तीच माझी अडचण होती. तीन हजारच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही असं डॉक्टर सांगतात, अन् जुडा ते बेस कॅम्प 660 मीटर आहे. म्हणून जुड्याला दोन रात्री काढायच्या, मधल्या दिवशी वर फिरून यायचं अन् परत खालीच झोपायचं, एवढा तरी एक दिवस मला पाहिजेच होता.

भाऊ म्हणाले, "ताई, आमची पोरं तगडी हायेत, दिवसभर लोखंड ओढतात, यांना काहून लागंल विरळ हवा?"

मी म्हणलं भाऊ, ताकदीचा अन् विरळ हवेचा काही संबंध नाही, तगडा माणूस उलट जोरात चढतो अन् आधी आजारी पडतो. जून 2024 मधलं उत्तराखंडातल्याच सहस्रताल ट्रेकचंही सांगितलं, गाईड धरून 22 जणांचा ग्रुप, बहुतेक कर्नाटकातले, हिमवादळात अडकला अन् त्यातले नऊ जण गेले, तेही जूनमध्ये, आपण तर जानेवारीत चाललोय. त्यावर सगळे गप्प बसले. मग मसुरीचं फिरणं काढलं, हरिद्वारची गंगा आरती काढली (दोघांचे चेहरे उतरले, मलाही वाईट वाटलं), भाऊंनी मालकाच्या हातापाया पडून एक दिवस वाढवून आणला अन् निघायचं ठरलं 20 तारखेला.

दोन महिने दर रविवारी देवगिरी. पाठीवर आठ किलोची बॅग घेऊन पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, परत चढायच्या. जालन्याच्या डॉक्टरांकडून तपासणी, बीपी, शुगर सगळं. बुटांचं मी तीनतीनदा सांगितलं की एक नंबर मोठा घ्या, जाड मोजा घातल्यावर बोटं हलली पाहिजेत, दोन मोजे कोंबून बूट आवळला तर रक्तच पुढं जात नाही अन् बोटं गारठतात. तंबाखूचंही सांगितलं, त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, दहा दिवस तरी सोडा. हो हो म्हणाले सगळे.

20 तारखेला गाडीत बसलो. सचखंडमध्ये लंगर (मोफत जेवण) मिळतो हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, पोरांनी डबे घेतलेच होते, वरण-पोळी खात गाणी चालली होती. पण झाशीच्या पुढं धुक्यानं गाडी जी रेंगाळायला लागली ती दिल्लीला पोहोचेपर्यंत अकरा तास लेट! मध्यरात्र. बस गेलेली. सकाळी दुसरी पकडली, डेहराडूनला दुपार झाली. जीपवाला म्हणाला रात्रीतून सांकरीला सोडतो. मी नाही म्हणलं. जानेवारीत दंव पडलेल्या घाटात रात्री गाडी घालायची नाही, हा नियम मी कुणासाठीच मोडत नाही. मुक्काम केला. जो दिवस एवढ्या मुश्किलीनं मिळवला होता तो असा धुक्यात गेला.

23 ला सांकरीत पोहोचलो अन् हवामानाचा अंदाज पाहिला तर 26 च्या दुपारनंतर पश्चिमी विक्षोभ. ही भूमध्य समुद्राकडून येणारी प्रणाली, हिवाळ्यात हिमालयात बर्फ टाकते ती हीच. 27 ला जोरदार बर्फ सांगितलेला. म्हणजे 26 ला शिखर गाठायचं तर जुड्याची दुसरी रात्र सोडून थेट 3,430 वर झोपायचं, अन् ती रात्र ठेवायची तर शिखर 27 ला, भर बर्फात. एकीकडं शरीर, दुसरीकडं आभाळ. तिसरा रस्ता म्हणजे शिखर सोडून देणं, अन् खरं सांगते, रात्री नऊपर्यंत माझ्या मनात तोच होता.

सांकरीचा गाईड तिथलाच, लहानपणापासून त्याच डोंगरात गुरं चारलेला. चुलीपाशी बसून आम्ही दोघांनी परत हिशोब मांडला. बेस कॅम्पला झोपायचंच नाही असं केलं तर? 24 अन् 25 दोन्ही रात्री जुड्याला, अन् 26 ला रात्री एकला जुड्यातूनच निघायचं. झोप खालीच झाली. चढ मात्र एका दमात 1,040 मीटर, बर्फात तासाला दीडशे धरला तरी सात तास. बेस कॅम्पला एक तंबू आधीच लावून ठेवायचा, स्टोव्ह, गरम पाणी, स्लीपिंग बॅगा, दोन माणसं, ज्याला जमणार नाही तो तिथंच थांबणार. अन् साडेनऊला जिथं असू तिथून मागं फिरायचं. साडेनऊच का, तर उशिरा बर्फ मऊ पडतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततात, दमलेल्या माणसाला तेच उतरायचं असतं अन् दुपारनंतर आभाळ येणार होतं. ही वेळ मी सगळ्यांसमोर सांगितली, प्रत्येकाकडून हो म्हणवून घेतलं.

25 च्या संध्याकाळी सगळ्यात लहान पोरगा, 24 वर्षांचा, जेवण नको म्हणाला, डोकं दुखायलंय. जोरात चढून आलेला तोच. त्याला तिथंच ठेवलं, सोबत एक माणूस, त्रास वाढला तर अंधारातही सांकरीला उतरवायचं असं सांगून. पोरगा रडला. मी जवळ बसले थोडा वेळ, पण निर्णय बदलला नाही.

रात्री एकला सात जण निघालो. हेडलॅम्पच्या उजेडात फक्त पुढच्याचे गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधतात ते) दिसायचे अन् बुटांखालच्या मायक्रोस्पाइकच्या खिळ्यांचा कर्र कर्र आवाज, बाकी सगळं शांत. पाचच्या सुमाराला बेस कॅम्पच्या तंबूत पोहोचलो. दोघं थांबले, त्यांनीच सांगितलं की बस, आता नाही होत. बाकीच्या पाच जणांना मी एकेक करून विचारलं, डोकं कसंय, हात कसेत, पाय कसेत. भाऊ म्हणाले, "एकदम ओके, ताई."

वरचा चढ मोकळा, झाडं संपलेली, वारा थेट अंगावर. उजाडलं तेव्हा समोर स्वर्गारोहिणी अन् बंदरपूंछ सोन्यासारखे दिसत होते, मिलमधल्या एका पोरानं भट्टीतून निघालेल्या सळईसारखा रंग आहे म्हणलं ते माझ्या लक्षात राहिलंय. पण वेग कमी होत गेला. तासाला शंभर मीटरही होईना. सव्वानऊला पश्चिमेकडं ढगांची एक पट्टी दिसायला लागली, साडेनऊला आम्ही 3,700 च्या आसपास होतो. शिखर दिसत होतं, तिथं उभी असलेली माणसंसुद्धा दिसत होती.

मी म्हणलं, थांबा. इथंच.

भाऊ माझ्याकडं बघतच राहिले. "ताई, अर्धाच तास. फक्त अर्धा तास द्या."

अर्ध्या तासात शंभर मीटर होणार नव्हते, आमच्या वेगानं तासाच्या वरच लागला असता, वर फोटो, झेंडा, म्हणजे अकरा वाजूनच गेले असते. मी नाही म्हणलं. ते हात जोडून परत म्हणाले, मी परत नाही म्हणलं. गाईडनं माझ्या बाजूनं मान हलवली एवढाच काय तो आधार. मग त्यांनी बॅगेतून झेंडा काढला, ट्रेकिंग पोलला बांधला, अन् त्या उतारावरच आम्ही राष्ट्रगीत म्हणलं. वाऱ्यात आवाज फाटत होते. भाऊंच्या डोळ्यांतलं पाणी थंडीनं आलेलं नव्हतं.

दीडला जुड्याला पोहोचलो. बर्फ कधी सुरू झाला? रात्री आठला! दुपारभर आभाळ नुसतं भरून होतं. पोरांनी घड्याळाकडं बघितलं, कुणी बोललं नाही पण मला कळत होतं, अर्धा तास काय, दोन तास मिळाले असते. मलाही रात्रभर तेच टोचत राहिलं. 27 ला घोट्याच्या वर बर्फ तुडवत सांकरीला उतरलो, आजारी पोरगा तोपर्यंत ठणठणीत झालेला. भाऊ माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

29 ला दिल्लीतून परतीची सचखंड धरली. 30 ला सकाळी मनमाड सोडल्यावर भाऊ खालच्या बर्थवर पाय चोळत बसले होते, मोजा काढलेला. उजव्या पायाची दोन बोटं टोकाला काळपट-जांभळी, एकावर फोड. मी उठून त्यांच्यासमोर खाली बसले अन् आधी त्यांचा हात बाजूला केला, चोळायचं नसतं.

"कधीपासून?"

"26 च्या पहाटेपासून. तंबूत पोहोचायच्या आधीच कळना झालं होतं."

बूट नेहमीच्याच नंबरचे, आत दोन मोजे. तंबाखूची पुडी उशाला.

"भाऊ, मी विचारलं होतं तुम्हाला. काहून सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी तंबूतच बसवलं असतं."

"बसवलंच असतं," मी म्हणलं.

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी विचारलं होतं हे खरं, पण बूट काढायला लावून बघितलं नव्हतं, हातमोजा काढून स्वतः बोटांना हात लावून बघितलं नव्हतं, अन् पाच वाजता त्या तंबूत तेवढा वेळ होता. सुन्न पडलेले पाय घेऊन हा माणूस साडेचार तास चढत राहिला अन् वर हात जोडून अजून अर्धा तास मागत होता.

फोड न फोडता मी बोटांच्या मधे सुका गॉज ठेवला, सैल पट्टी गुंडाळली अन् जालन्याच्या डॉक्टरांना फोन लावला, की स्टेशनवरून थेट तुमच्याकडंच आणते. बाहेर अंकाईचा किल्ला मागं चालला होता. भाऊ पायाकडं बघत म्हणाले, "ताई, उद्या सकाळी ड्युटी हाय ना माझी."

"नाही," मी म्हणलं, "उद्या नाही," अन् मालकाचा नंबर मागितला.