स्टेप्स पास झाल्या, अडलं ते डिग्रीच्या व्हेरिफिकेशनला : अमेरिकेत रेसिडेन्सीपर्यंतचा माझा अनुभव

इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे अमेरिकेतलं स्पेशलायझेशनचं ट्रेनिंग, सुरू होऊनही मला आता बरेच दिवस झालेत, तरी कॉलेजच्या त्या विद्यार्थी विभागाचा विषय निघाला की अजून डोकं तापतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. ज्युनिअर्सचे मेसेज येतात ते ठरलेले, स्टेप १ ला (अमेरिकेच्या लायसन्सच्या यूएसएमएलई परीक्षेचा पहिला टप्पा) किती महिने दिले, यूवर्ल्ड (सरावाच्या प्रश्नांची वेबसाईट) दोनदा केलं का, ऑब्झर्व्हरशिप (तिकडच्या हॉस्पिटलात बघून शिकणं) कुठे मिळाली. डिग्रीचं व्हेरिफिकेशन कधी सुरू केलंत असं आजवर कुणीही विचारलेलं नाही, आणि माझं वर्ष जाता जाता राहिलं ते नेमकं त्यापायी.

परीक्षांचं आधी उरकते. स्टेप १ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-फेल आहे, त्यामुळे सगळा भार स्टेप २ सीके, म्हणजे क्लिनिकल ज्ञानाच्या पुढच्या टप्प्याच्या, स्कोरवर येतो, तिथे घाई करू नका. एक ८ तासांची, दुसरी ९ तासांची, मी दोन्ही मुंबईच्या प्रोमेट्रिक परीक्षा केंद्रात दिल्या आणि दोन्ही पहिल्या फटक्यात निघाल्या, बॉण्डची सक्तीची सरकारी ड्युटी सांभाळून निघाल्या याचा मला आजही अभिमान आहे. आधी क्लिनिकल स्किल्सची स्टेप २ सीएस द्यायला थेट अमेरिकेत जावं लागायचं, ती २०२१ मध्ये कायमची बंद झाली आणि तिच्या जागी ईसीएफएमजीचे (बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना सर्टिफिकेट देणारी संस्था, तिच्याबद्दल पुढे येतंच) पाथवे, म्हणजे पात्रता दाखवायचे पर्यायी मार्ग, आले. माझं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होतं म्हणून मी पाथवे १ घेतला. सोबत ओईटी मेडिसिन ही डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा सगळ्यांनाच लागते, लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ३५० आणि रायटिंगला ३००, आणि हे सगळं एकाच बैठकीत यावं लागतं.

आता मुद्द्याचं. ईसीएफएमजी, म्हणजे फिलाडेल्फियाची ती संस्था जिच्या सर्टिफिकेटशिवाय बाहेर शिकलेल्या डॉक्टरला रेसिडेन्सी सुरूच करता येत नाही, ती तुमच्या डिग्रीवर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. तुम्ही डिग्री अपलोड करायची, ते ती कॉलेजकडे पाठवतात, आणि कॉलेजच्या अधिकृत माणसाने रेकॉर्ड बघून ही आमचीच आहे असं परस्पर त्यांना कळवायचं. आपण मध्ये कुठेच नाही. पत्र आपल्या हाताने नेतो म्हटलं तर ते चालत नाही. आणि 'अधिकृत माणूस' म्हणजे ज्याचं नाव आणि सही आधीपासून त्यांच्या यादीत आहे तोच.

माझ्या वेळी काय झालं, तर यादीतल्या अधिष्ठात्यांची बदली झालेली. त्यांच्या जागी प्रभारी आले, मग नवे आले, आणि फिलाडेल्फियाला हे कुणी कळवलंच नव्हतं. पोर्टल बघणारे क्लार्क रिटायर झालेले, पासवर्ड कुणाकडे हे कुणालाच ठाऊक नाही. मी विचारायला गेले तर टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे असं काही आलेलंच नाही." मी ईसीएफएमजीच्या साईटवरचं स्टेटस दाखवलं, कॉलेजला पाठवलं आहे असं स्वच्छ लिहिलेलं, तर म्हणाल्या, "अमेरिकेचं काम आमच्या टेबलला नसतं, ओएस साहेबांना भेटा." ओएस साहेब, म्हणजे ऑफिस सुपरिटेंडेंट, म्हणाले मोठ्या साहेबांची सही लागेल, फाईल पुटअप करतो. मोठे साहेब कधी मंत्रालयात, कधी इन्स्पेक्शनच्या गडबडीत. मी तेव्हा बॉण्डवर पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर होते, सरकारी कॉलेजचा एक वर्षाचा बॉण्ड, नाही केला तर १० लाख भरा, त्यामुळे कॉलेजला जायचं तर रजा टाकायची, एसटीने पोचायचं आणि "साहेब आत्ताच निघाले" हे ऐकून परत फिरायचं.

मला सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? कुणीच नाही म्हणत नव्हतं. नाही म्हणाले असते तर तक्रार तरी करता आली असती. सगळे गोड बोलायचे, "होऊन जाईल मॅडम, काळजी नका करू." आणि इकडे सप्टेंबर जवळ येत होता. इरास या रेसिडेन्सीच्या अर्जांच्या वेबसाईटवर प्रोग्राम्सना (रेसिडेन्सी देणाऱ्या हॉस्पिटलांना) आपले अर्ज त्या वर्षी २७ सप्टेंबर २०२३ ला दिसायला लागणार होते आणि कितीतरी प्रोग्राम ईसीएफएमजी सर्टिफिकेट हातात नसलेल्यांना फिल्टर लावून आधीच बाजूला करतात. म्हणजे दोन परीक्षांचा अभ्यास, शिफारसीची लेटर्स, ऑब्झर्व्हरशिपचा खर्च, सगळं एका सहीसाठी लटकलेलं.

शेवटी मार्ग निघाला तो असा. आधी मी तोंडी विचारणं बंद केलं. अर्ज लिहिला, आवक-जावकला दिला, माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतला. तो नंबर हातात असला की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलं. मग कॉलेजने ईसीएफएमजीला पाठवायच्या पत्राचा मसुदा मीच टाईप केला, नव्या अधिष्ठात्यांचं नाव, पद, सहीचा नमुना, शिक्क्याची जागा, सगळं तयार, आणि पेनड्राईव्हवर दिलं, म्हणजे लेटरहेडवर प्रिंट काढण्यापलीकडे कुणाला काही काम उरलं नाही. पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाच्या एका सरांनी, ज्यांचा या कामाशी काडीचा संबंध नव्हता, ते स्वतः साहेबांच्या केबिनपर्यंत नेलं. आणि फाईल आज कोणत्या टेबलावर आहे हे मला खरं सांगणारा एकच माणूस होता, ऑफिसबाहेर स्टुलावर बसणारे शिपाई मामा. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

नवी सही यादीत चढली, व्हेरिफिकेशन झालं, डिसेंबरात सर्टिफिकेट आलं. तो मेल पीएचसीच्या ओपीडीत वाचला आणि मला खुर्चीतून उठवेना. फिल्टर न लावणाऱ्या थोड्या प्रोग्राम्सचे इंटरव्ह्यू आधीच आले होते, सर्टिफिकेट आल्यावर बाकीच्यांना एकेक मेल टाकला, अर्ज पुन्हा बघा म्हणून, त्यातून अजून काही आले. असे मेल लिहायला लाजू नका.

अरे हो, त्याच कॉलेजकडून एमएसपीई (कॉलेजने लिहिलेला विद्यार्थ्याच्या कामगिरीचा अहवाल) आणि मार्कांची अधिकृत नोंद असलेलं ट्रान्स्क्रिप्टही लागतं. हे वेगळं मागायला गेलात तर अख्खं चक्र पुन्हा फिरेल, म्हणून सगळं एकाच अर्जात मागा. इंटर्नशिप चालू असतानाच मागा, तेव्हा तुम्ही रोज त्याच आवारात असता. आणि पहिल्या दिवशी एकच विचारा, ईसीएफएमजीकडे सध्या कुणाची सही आहे. कुणालाच सांगता आलं नाही तर समजा की काम तिथूनच सुरू करायचंय. डिग्रीही मूळ पदवी प्रमाणपत्रच लागतं, प्रोव्हिजनल चालत नाही.

नावाचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळा क्रम, लग्नानंतर अजून तिसरंच. ईसीएफएमजीचा नंबर काढायच्या आधी पासपोर्ट समोर ठेवून नाव ठरवा, कारण प्रोमेट्रिकच्या दारात नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत.

पैशांचं म्हणाल तर इरासमध्ये जितके जास्त अर्ज तितकी पुढच्या अर्जांची फी चढत जाते, माझ्या वर्षी तिसाच्या पुढे प्रत्येक अर्जाला २५ डॉलरच्या वर पडत होते. व्हिसा न देणारे प्रोग्राम आधी काढून टाका, त्यात खूप वाचतात. इंटरव्ह्यू आता बहुतेक ऑनलाईनच असतात, तो खर्च तरी नाही. पण अमेरिकेच्या वेळेमुळे ते आपल्याकडे रात्री येतात आणि लाईट जाते, इन्व्हर्टरची सोय बघा.

इंटरव्ह्यूनंतर आपण प्रोग्राम पसंतीक्रमाने लावतो ती रँक लिस्ट २८ फेब्रुवारी २०२४ ला बंद झाली. ११ मार्चच्या सोमवारी मॅच झालंय, म्हणजे जागा मिळाली आहे, एवढंच कळतं, कुठे ते १५ मार्चच्या शुक्रवारी. त्या वर्षी अमेरिकन नागरिक नसलेल्या, बाहेर शिकलेल्यांपैकी ५८.५ टक्के लोक मॅच झाले, म्हणजे दहातले चार राहिले, आणि त्यांत माझ्याहून चांगले स्कोर असलेले मित्र होते. मला माझ्या रँक लिस्टमधला दुसरा प्रोग्राम मिळाला. आईला फोन केला तर ती आधी रडली आणि मग म्हणाली, आता त्या कॉलेजात पेढे घेऊन जा. गेले. मामांना आणि पीएसएमच्या सरांना दिले, त्या टेबलाकडे वळले नाही.

जे-१ व्हिसावर येणार असाल तर मॅचनंतर दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड, म्हणजे देशाला या शिक्षणाची गरज आहे असं पत्र, लागतं. जुलैच्या सुरुवातीला जॉईन व्हायचं असतं आणि मधे जेमतेम तीन महिने, त्यामुळे मॅचचा निकाल लागला त्याच आठवड्यात अर्जाला लागा. जे-१ नंतर दोन वर्षं भारतात परतायची अट असते. ती टाळायची तर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं, आणि ही अट माफ करणाऱ्या कॉनरॅड प्रोग्रामखाली दर राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. एच-१बी व्हिसा हवा असेल तर यूएसएमएलईचा शेवटचा टप्पा, स्टेप ३, आधी पास लागते, आणि एच-१बी देणारे प्रोग्राम कमी, त्यामुळे हे अर्ज भरतानाच ठरवून टाका, मॅचनंतर ठरवायला वेळ राहत नाही.